मध्यंतरानंतरचं टोक

सोमवारी सकाळी यॉर्कशायरमधल्या त्या छोट्या दवाखान्यात ग्लेनिसबाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांची शनिवारच्या फुटबॉल मॅचवरून जुंपली होती.

"तेवीस मॅच हरलो नव्हतो, विल्फ! आणि हरलो कुणाशी, तर सगळ्यात तळाच्या टीमशी!"

"गोलकीपरच्या हातून बॉल सुटला. त्याला मी काय करू, अर्नी?"

"मध्यंतरानंतर तू होतास कुठे? बाजू बदलल्या की आपली पोरं ज्या गोलवर चाल करतात, त्याच्यामागे आपण उभं राहायचं, तरच जिंकतो. आम्ही सगळे चहाचे कप घेऊन त्या टोकाला गेलो. तू आलाच नाहीस."

"चहाला रांग होती."

"चाळीस वर्षांत रांग कधी आडवी आली नाही, ती परवाच आली?"

"गुडघा धरला होता रे."

"गुडघा धरलाय, मग छाती काय चोळतोयस?"

"तू खेळाडूंना शिव्या घाल ना! माझ्या काय मागे लागलायस?"

"विल्फ."

"कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत आलो होतो. पुढे पाय उचलेना. कठडा धरून उभा राहिलो. वाटलं, तू वळून बघशील."

ग्लेनिसबाईंच्या हातातल्या मासिकाचं पान उलटायचं राहून गेलं.

"आम्ही गोलकडे बघत होतो रे."

"मग? बघायलाच हवं."

"विल्फ्रेड ओल्डरॉइड!" नर्सने दारातून हाक मारली.

"हात दे इकडे. मीही येतो आत."

"कशाला? अर्नी, खरं सांग, माझ्यामुळेच वाया गेल्या का रे त्या तेवीस मॅच?"

"गेल्या त्या गेल्या. तू ऊठ."