जुन्या पत्त्याचा कॉलम

अंजनी : अगो मीनल, पुन्ना वाजतोय फोन. बाळ उठंल. घे की.

मीनल : वाजू दे, आई. अक्षदा आहे.

अंजनी : तुज्या अंबरनाथच्या हापिसातली? बारशाला आलेली ती?

मीनल : तीच. मी बाळंतपणाला आले आणि ही माझ्या खुर्चीत बसली. आता जो तो म्हणतो, काय फास्ट आहे पोरगी!

अंजनी : हवंय काय तिला?

मीनल : आमच्याकडे एका कपड्यांच्या गोदामाचं काम आहे, त्यांचा डेटाबेस मी बांधला होता. गिऱ्हाइकाचा अख्खा पत्ता एकाच कॉलममध्ये. हिने घर, रस्ता, पिनकोड, सगळ्यांचे वेगळे कॉलम केले. आता जुना काढू का, विचारतेय. मेसेजही टाकलाय.

अंजनी : मग हो म्हण नि सुट.

मीनल : हो म्हटलं की तिची फजिती. प्रोग्राममध्ये तिने सगळीकडे नवे कॉलम लावलेत. पण गोदामातला जितेश प्रोग्राम उघडतच नाही. त्याची एक्सेल शीट थेट डेटाबेसमधून जुना पत्ता उचलते, त्यावरून पार्सलची लेबलं निघतात. कॉलम गेला की लेबलं कोरी.

अंजनी : नि ह्ये तिला ठाव नाय?

मीनल : मलाच माहीत. शीट मीच जोडून दिली होती.

अंजनी : मग सांग ना गो!

मीनल : का सांगू? एकदा तरी म्हणू देत, मीनल असती तर असं झालं नसतं. मी इथे लंगोट वाळत घालतेय, तिथे माझं नावसुद्धा विसरतील.

अंजनी : नि कोऱ्या लेबलांच्या शिव्या कुणाला?

मीनल : ...जितेशला.

अंजनी : त्यानं काय घोडं मारलंय तुजं?

(फोन पुन्हा वाजतो. मीनल तो उचलून स्पीकरवर टाकते.)

मीनल : बोल. बाळ मांडीवर आहे, लवकर बोल.

अक्षदा : सॉरी हां ताई. जुना पत्ता कोडमध्ये कुठेच नाहीये आता, दोनदा चेक केलं. पण तुमच्या हातचं काम ना, विचारल्याशिवाय डिलीट करवेना.

मीनल : नको काढूस. जितेशची शीट तिथूनच वाचते.

अक्षदा : बापरे! वाटच लागली असती माझी.

मीनल : सध्या दोन्ही ठेव. नव्यात भरलं की जुन्यातही भरलं जाईल असं कर. जितेशची शीट बदलून झाली की मग काढ.

अक्षदा : थँक्यू, ताई! सरांना सांगते, तुम्हीच वाचवलंत. आणि यायची अजिबात घाई करू नका हां. बाळाकडे बघा. इथलं मी सांभाळते सगळं.

मीनल : हो. सांभाळतेस ना. ठेवते.

अंजनी : मनानं चांगली हाय गो पोर.

मीनल : तेच तर ना, आई. धड रागही धरता येत नाही.