एकाच पत्त्यावर सगळी मापं

आई : तुझ्या नवऱ्याला म्हणावं, आईपासून तोंड लपवायचं तर आधी घर मोठं घे. दोन खोल्या आणि पुढं दुकान, त्यात किती दिवस भिंतीकडे बघत जेवणार?

सून : आई, हळू. दुकानातच आहेत ते, ऐकू जाईल.

आई : जाऊ दे की. ऐकू जावं म्हणूनच बोलतेय. मांडणी रिकामी कशी, विचारलं, तर म्हणे खपले. तुझ्या सासऱ्यांच्या हातचे शेवटचे जोडे एका दमात खपले, आणि सांगताना ह्याचं तोंड सुतकी?

सून : खपले नाहीत, आई. गेले.

आई : गेले म्हणजे?

सून : ऑनलाइन मागणी आली होती. कार्ड चोरीचं निघालं. ज्याचं कार्ड, त्यानं तक्रार केली. बँकेनं आपल्या खात्यातून काढून त्याचे पैसे त्याला दिले.

आई : त्या बापड्याचे त्याला मिळाले, बरंच झालं. आणि जोडे?

सून : त्या पत्त्यावर आता कुणीच नाही.

आई : अरे ए! ये इकडे. बायकोला पुढं करून किती वेळ उभा राहणार दाराआड?

मुलगा : कार्ड कंपनीचा माणूस आला होता, आई. म्हणाला, पैसे भरताना मोबाइलवर आकडा येतो ना, तो विचारणं बंद करा. गिऱ्हाईक कंटाळून पळतं. मी बंद केलं.

आई : पाहुणे बिचकतात म्हणून राखणीचा कुत्रा सोडून दिलास. आणि आता त्या माणसाचं काय गेलं?

मुलगा : काही नाही. विक्रीवरचं कमिशन ते परत देत नाहीत. वर पैसे उलटे गेले म्हणून दंड, तोही आपल्यालाच.

आई : म्हणजे साव आला तरी त्याचं पोट भरतं, चोर आला तरी भरतं. मग तो राखण कशाला सांगेल?

मुलगा : बँकेतही जाऊन आलो. म्हणतात, जोखीम दुकानदाराची.

आई : गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडत नाही. आपल्याला दोनच आहेत, बाबा. कुठली मापं नेली?

मुलगा : सगळी. पाचपासून अकरापर्यंत, एकेक.

आई : एकाच घरात? तुझे वडील पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवल्याशिवाय कातड्याला हात लावत नसत. त्यांच्या पोराला एवढं दिसलं नाही?

सून : घाईत राहून गेलं असेल, आई...

मुलगा : तू थांब. दिसलं होतं, आई.

आई : काय म्हणालास?

मुलगा : मागणी बघितली तेव्हाच खटकलं. असे जोडे कुणी घेत नाही, कळलं होतं. पण बाबा गेल्यापासून ते सारखे समोर दिसायचे. कुणीतरी सगळे एकदम नेतंय, तर नेऊ दे, वाटलं. मला बघवत नव्हते ते.

(मुलगा दुकानाकडे वळतो.)

आई : बस इथं. बस म्हणते ना. त्या चोराला मी पाहिलं नाही, त्या कंपनीला तोंड नाही, मग बोलू कुणाला? तू माझा, म्हणून तुला बोलते. फसला असतास, तर पदराखाली घेतलं असतं. तू फसला नाहीस. तुला बघवेनात, म्हणून तू देऊन टाकलेस. आणि मी ह्या गुडघ्यांनी रोज दुकान झाडायला कशासाठी येत होते, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.