लंडनच्या नाटकातला लेस्ली

“तुझा विश्वास बसणार नाही, पण लंडनच्या नाटकांत गाणारा लेस्ली आमचा मुलगा!”

वसईच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या आग्नेलकाकांनी अशी सुरुवात केली, तेव्हा हेमांगीला हसू आलं. त्यांच्या पलीकडे त्यांच्या पत्नी लुसीकाकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थांबल्या होत्या.

“खरंच, काका?”

“सुरुवातीला नाटकात झाड होता. पण झाडाने असा सूर लावला, की लोकांनी राजाला घरी पाठवलं आणि झाडालाच राजा केलं!”

“काहीतरीच!”

“मग सिनेमा आला. तिथल्या शाही मेजवानीत पठ्ठ्याने आपली वसईची सुकवलेली केळी, सुकेळी, ठेवायला लावली. आता पासपोर्टही ब्रिटिश आहे.”

“काकू, काका थापा मारतात ना?”

“झाडाचं सोड गं. पण नाटकात आहे तो, सिनेमातही आहे.”

“मग ऑपरेशनला येणार असेल?”

“शूटिंग आहे ना त्याचं,” काका घाईने म्हणाले. “पण आईला विसरत नाही हो. आमची रोझरी सुरू झाली की रोज फोन करतो आणि तिकडून प्रार्थना म्हणतो. घरात रेंज नसते, म्हणून मी फोन घेऊन ओट्यावर उभा राहतो.”

“आणि काकूंना आत ऐकू येतं?”

“गवयाचा आवाज आहे, बाई! हिला विचार.”

लुसीकाकूंनी औषध घातलेले डोळे मिटून घेतले.

“अहो, ओट्यावर लेस्लीचा आवाज तुम्हीच काढता. माझे डोळे अधू झालेत, कान नाहीत.”