वेव्हगाइडमधले सासरे

...नाही, भोंगाच बरा होता, शंभरदा सांगितलं, पण माझं ऐकतो कोण? मेहुणा म्हणतो, "भाऊजी, भोंगा वेगळा, वेव्हगाइड वेगळं!" वेगळं म्हणजे किती वेगळं... तुम्हाला सांगतो, माझ्याच घरात शिरायची मला चोरी झालीय!

हा मेहुणा स्पीकर बनवतो. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच, पण जेवेनात. याच्याकडे सासऱ्यांचा आवाज होता, कधीतरी माइक तपासताना भरलेला. सासरे खुर्चीतून विचारतायत, सासूबाई स्वयंपाकघरातून उत्तरं देतायत, पण माइक सासऱ्यांपुढे, म्हणून टेपवर आलेत एकटे सासरे. म्हणाला, आईला ऐकवू. आधी भोंग्यातून. "चहा झाला काऽऽ?" अहो, स्टेशनात गाडी आली की काय! अर्धी गल्ली खिडकीत. भोंग्याचा गळा अरुंद, हवा दाबून आवाज पुढे ढकलतो, म्हणून थोड्या दमात मोठा. पण सासरे कसे, लांब. आणि लांबचे सासरे सोसतात हो!

मग यानं दोन स्पीकर आणून त्यांना वेव्हगाइड बसवलं. दिसायला तसंच, पसरट तोंडाचं. म्हणे, हे ढकलत नाही, आवाज खोलीभर सारखा पसरवतं. कसलं पसरवतं? दोन स्पीकरच्या मधोमध, रिकाम्या खुर्चीत सासरे येऊन बसले! घसा खाकरला... तिथून. "चहा झाला का?"... तिथून. सासूबाई आतून म्हणाल्या, "आणते." टेपमधले सासरे थांबले, बरोब्बर तेवढेच थांबले, आणि म्हणाले, "साखर कमी घाल."

तेव्हापासून रोज टेप लागते, आणि सासूबाई जेवतायत, दोन घास जास्तच. आता मी कुठल्या तोंडानं म्हणू, काढा ते? भीती वाटते म्हटलं तर बायको डोळे वटारते, आणि मेहुणा आहेच, भोंगा वेगळा, वेव्हगाइड वेगळं!

आणि काल. दारात चपला काढतोय, तर आतून, "कोण आहे दारात?" टेपमध्येच आहे ते, टेप भरताना पेपरवाला आला होता, मला ठाऊक आहे! पण सासूबाई गप्प. सासरे थांबलेले... कुणासाठी थांबलेत? शेवटी मीच म्हणालो, "मी. जावई."

"बसा."

मेहुण्याला विचारलं, हे 'बसा' भोंग्यात कुठं होतं? म्हणाला, असेल, भोंग्यात बारीक आवाज बुडतात. असेल! पण पेपरवाल्याला कुणी 'बसा' म्हणतं का हो?

हयातीत या माणसानं मला एकदाही बसा म्हटलं नव्हतं... काय करता, बसलो.