गळलेलं ‘गारू’

हॅलो?… हो, सुगुणाक्का, उषाच बोलतेय… आज तेलुगूत बोलायचा वार, माहितेय, पण मराठीतच बोलू द्या. तुमचं मराठी माझ्या तेलुगूपेक्षा पक्कं झालंय, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही…

स्रवंती, माझी सून. कालपासून तापलीय… हो, डॉक्टर येऊन गेले, साधाच ताप म्हणाले… आमचा मुलगा मंदार बंगळूरला, ऑफिसच्या कामाला. घरात आम्ही दोघीच. एरवी आमचं हिंदीवर भागतं, पण तापात हिंदी कुठली आठवायला…

अहो, ऐका ना. सकाळपासून डोळे मिटून एकच धोशा. ‘आत्ता… आत्ता…’ म्हटलं, आत्ता काय हवं बाई? चहा नेला. पेज नेली. ‘वद्दु’… हो, वद्दु म्हणजे नको, तेवढं येतं मला. पंखा लावला, बंद केला. पुन्हा आपलं ‘आत्ता’. शेवटी चिडलेच जरा. म्हटलं, ‘आत्ता, आत्ता काय? दम धर की.’ तर भिंतीकडे तोंड करून रडायला लागली…

हसताय काय?… कोण?… ‘अत्ता’ म्हणजे सासू?… अहो, सासूला ‘अत्तगारू’ म्हणतात, तुम्हीच शिकवलंत… हो, ‘गारू’ मानाचं… मग ते कुठं गळलं, तापात?…

आपल्या माणसाला नाही लावत?

अक्का, लग्न होऊन आली तेव्हापासून ‘आंटी’ म्हणते हो मला. शेजारणीला म्हणावं तसं. आज एवढं मोठं नातं पदरात टाकत होती, अन् मी मेली पेज ढवळत बसले. वर दम धर म्हटलं…

काय देऊ तुम्हाला? त्या नुमाइश प्रदर्शनाच्या गर्दीत वाट चुकले, तेव्हा हाताला धरून नामपल्ली स्टेशनापर्यंत आणलंत. आज घरातल्या घरात चुकले होते… नाही, उपकार नाही म्हणत. बरं, पुरणपोळ्या. तूप जास्त, लक्षात आहे…

थांबा. परत बोलावतेय… हो, तेच. ‘ओ’ कशी देऊ? ‘आले’ला काय म्हणता तुम्ही?… वस्तु… वस्तुन्ना?… वस्तुन्ना.

ठेवते, अक्का… वस्तुन्ना गं, बाळा. आत्ता… आत्ता आले.