टीव्हीचा आवाज

कम्प्युटर रिपेरीत कसलं आलंय दुःख, म्हनता? परवाचंच ऐका. झरीला एक रिटायर गुरुजी हायत. त्यांची बायको वारली. पुण्यानुमोदनाला तिचा व्हिडिओ कम्प्युटरवरनं टीव्हीवर लावायचा होता, पण टीव्ही नुसता ‘नो सिग्नल’ दाखवायला. सतरंजीवर पाव्हणे बसलेले.

कम्प्युटरच्या मागं बघितलं, तर टीव्हीची केबल मदरबोर्डला लावलेली. ती काढून खाली, चित्र जिथनं येतं त्या ग्राफिक्स कार्डात खोचली, तसं चित्र आलं. बाई हात हलवून कायतरी सांगायल्या, पण आवाजच न्हाई. गुरुजी रिमोटनं आवाज वाढवायलेत.

म्हनलं, “गुरुजी, रिमोटनं न्हाई व्हायचं. कम्प्युटरात सेटिंग बदलावी लागती.”

बटण दाबीतच ते म्हनले, “सवय हाय ओ. ती बोलायला लागली की मी टीव्हीचाच आवाज वाढवायचो.”