नारळ उभा राहिला तिथं

त्या दिवशी ऊन असं होतं, की मुकुंदवाडीतली कुत्री टँकरच्या सावलीला जाऊन निजली होती. त्या उन्हात माझ्या अंगणात बोरचं मशीन तीनशे फूट खाली गेलं अन् वर आला नुसता धुरळा. जागा मीच दाखवली होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, तो उभा राहिला की खाली पाणी, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो.

शेजारचे सलीमभाई पहिल्यापासून हसायचे. म्हणाले, "चाचा, नारळाला काय कळतंय?"

मी म्हणालो, "पाणी हाय. मशीनच तिरपं गेलं."

त्यांच्या दारात माझा नारळ जरासुद्धा हलला नव्हता. त्यांनी मुद्दाम तिथंच बोर घेतला, अन् दीडशे फुटांवर पाणी उसळलं.

मला लई लागलं. नारळ फोडला, खोबरं घेऊन त्यांच्याकडं गेलो. "तुमचंच खरं, भाई. आजपासून हे बंद."

त्यांनी माझा हातच धरला. "बंद नका करू, चाचा! मीच चुकलो. नारळाला सगळं कळतं, फक्त उलटं सांगतो. उद्या सिल्लोडला माझ्या मेव्हण्याच्या शेतात चला. आडवा राहील तिथंच खोदू."